रंगुबाईंचं छप्पर, जलरंगात

शिरूर, रविवार

तीर्थरूप सावळाराममामांना इंद्रजीतचा साष्टांग नमस्कार. (पाठ धरली आहे, त्यामुळे साष्टांग फक्त कागदावर.) मामींचा गुडघा काय म्हणतो? दौंडला ऊन आमच्यापेक्षा कडक असेल, दुपारचं बाहेर पडू नका.

डॉक्टरांनी मोबाईल कमी करायला सांगितल्यापासून मी रविवारी आमच्या गल्लीत स्टूल टाकून जलरंगात चित्रं काढतो. मागच्या रविवारी कोपऱ्यावरच्या रंगुबाईंचं भाजीचं दुकान काढायला घेतलं. दुकानापुढे रस्त्यावर आलेलं पत्र्याचं छप्पर आहे. त्याने मागचा कडुलिंब झाकला जातो, म्हणून मी छप्पर गाळलं. (चित्रकाराला तेवढी मोकळीक असते, असं मी मनाशी म्हटलं. पण ती मला दिली कोणी, हे अजून सापडलेलं नाही.) त्यात मी पेन्सिल आडवी धरून, एक डोळा मिटून मापं घेत होतो. आमच्याकडे असं बघतो तो फक्त नगरपरिषदेचा रस्तारुंदीवाला.

रंगुबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. "सर, माझं छप्पर कुठं हाय ह्यात?"

"ते तिथे बरं दिसत नाही," मी म्हणालो. प्रामाणिकपणे.

त्या तशाच दुकानात परतल्या. संध्याकाळी पाहतो तर सत्तरीच्या रंगुबाई शिडीवर चढून पत्रे उतरवतायत! म्हणाल्या, "तुमी कागदावर धरलं न्हाई, म्हंजी उद्या जेसीबी येणार. पत्रा चेपण्यापरीस आपणच उतरवल्याला बरा." मी नगरपरिषदेचा कोणी नाही, कॉलेजात इतिहास शिकवतो, हे पटवण्यात तास गेला. मग पत्रे परत चढवले (पाठ गेली ती तिथेच) आणि त्यांच्या समाधानासाठी चित्रातही छप्पर काढलं. जलरंग काही पुसता येत नाही. निम्म्या कडुलिंबाचा चिखल झाला.

तेवढ्यात गल्लीत बातमी, की सर कागदावर धरून घेतायत. धनश्रीताईंनी पाण्याची टाकी धरून घेतली. सलूनवाल्या सोपानरावांनी पायरी, आणि वर म्हणाले, "अजून एक पायरी घ्या." कुठे आहे, विचारलं. "बांधायचीय. तुमी काढा, मग वाळू सांगतो." मी ठणकावलं, की जे आहे तेच काढीन. त्यावर ते चित्राकडे बघत म्हणाले, "मग लिंबाला एवढा चिखल कवा लागला वो?"

मामा, यावर आठवडाभर डायरी लिहितोय.

घरच्या सगळ्यांना माझी आठवण सांगा.

तुमचा भाचा,
इंद्रजीत

ता. क. चित्र सौ. स्नेहलबरोबर पाठवतोय. तुम्ही तीस वर्षं मोजणी खात्यात काढलीत. जलरंगाला सरकारदरबारी काही किंमत नसते, एवढं सोपानरावांना फोन करून सांगा. इथे मी नुसता स्नेहलचा नवरा, माझं कोणी ऐकत नाही.

पुन्हा ता. क. रंगुबाईंना मात्र हे सांगू नका. त्यांचा फोन आला, तर चित्र तुमच्या कपाटात कुलपात आहे, असंच म्हणा. चित्र झाल्यापासून त्यांना झोप लागते.

शेवटचं. तुमची नजर मापाची, म्हणून आधीच कबूल करतो. छप्पर मी हातभर लांब काढलंय. दुपारी त्यांच्या अंगावर ऊन येतं.