गुडघ्याचं निमित्त

प्रिय ताई,

तू सुखरूप पोचल्याचं कळलं. इथे सगळे ठीक आहेत असं लिहिणार होतो, पण मी ठीक नाही. दुकानात औषध देताना चिठ्ठी दोनदोनदा वाचतो, तरी चुकीची पट्टी काढतो. मला भीती वाटते, ताई. पप्पा आता जिथे असतील, तिथे त्यांचं काय होत असेल याची.

अंत्यविधीला सगळे किती बोलले! त्यांच्या पलटणीतले काका म्हणाले, असा शांत शिपाई पाहिला नाही. तू बुटांची गोष्ट सांगितलीस. शनिवारी संध्याकाळी घरातले सगळे जोड ओळीत मांडून पप्पा पॉलिश करायचे आणि जाता जाता आईच्या चपलांवरही ब्रश फिरवायचे. लोक हसले, रडले. मी मात्र चर्चमधल्या त्या शेवटून दुसऱ्या बाकाकडे पाहत होतो.

आठवतं ना, ख्रिस्तप्रसाद घ्यायला सगळे उठून पुढे जायचे आणि पप्पा तिथेच बसून राहायचे? "बाकीचा मी भाविक, गुडघा तेवढा नास्तिक," म्हणायचे. आई डोळे वटारायची. लढाईतली जखम असेल, असं आपण समजायचो. पण त्याच गुडघ्याने ते तुझ्या सायकलमागे गल्लीच्या टोकापर्यंत धावले होते. कौलं बसवायला छपरावर चढायचे. मला हे दिसत होतं. विचारलं कधीच नाही. आपल्या घरात न विचारणारा मीच.

शेवटच्या मंगळवारी सकाळी ते म्हणाले, "फादरांना बोलाव. पापनिवेदन करायचंय." डॉक्टरांनी आदल्या दिवशी लिहून दिलेलं औषध मीच काढून आणलं होतं. ते कधी देतात, हे मला ठाऊक आहे. तरी घाबरलो. फादर दारात आले म्हणजे संपलं, असं वाटलं. म्हटलं, "उद्या बोलावतो. आज आराम करा." पप्पा माझ्याकडे बघून हसले. "भित्रा आहेस. माझ्यावर गेलास."

दुपारी श्वास बदलला. फोन केला तर फादर बाहेरगावी. मग पप्पांनी माझं मनगट धरलं आणि सगळं मलाच सांगितलं. एक पूल, पहाट, हात वर केलेला एक माणूस. याहून जास्त लिहीत नाही. ते माझ्यासाठी नव्हतंच. सांगून झाल्यावर ते माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. आणि मी, गोळ्या विकणारा माणूस, त्यांच्या कपाळावर क्रूस काढला आणि पापक्षमा देताना फादर म्हणतात ते शब्द म्हटले. आठवले तेवढे. त्यांनी डोळे मिटले. समाधानाने मिटले, की मला वाईट वाटू नये म्हणून, मला सांगता येत नाही.

फादर वेळेवर आले होते, असं मी तुला फोनवर सांगितलं, ते खोटं होतं. पापनिवेदनाला म्हणून त्यांच्या दारापर्यंत दोनदा जाऊन परत आलो. काय सांगू? पप्पांची क्षमा माझ्या एका 'उद्या'मुळे हुकली, हे? पुढच्या रविवारी पप्पांना महिना होईल, त्या प्रार्थनेला, मिस्सेला तू येशीलच. ख्रिस्तप्रसादाला सगळे उठतील, तेव्हा मी बाकावरच बसून राहीन. पाप कबूल केल्याशिवाय तो घेता येत नाही, हे पप्पांनाही ठाऊक होतं. मागे वळून खुणा करू नकोस. पोरांनी विचारलंच, तर सांग, मामाचा गुडघा दुखतो.

तुझाच,
धाकटा