कडी आमच्या बाजूला

रविवार, ८ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप वहिनींना,

तुमच्या आणि दादाच्या पायांवर डोकं ठेवून लिहायला बसलो आहे. देवाच्या कृपेने मी इथे ठीक. दादाचा गुडघा कसा आहे? तेल चोळून घेतो, की "मला काय धाड भरलीय" म्हणत अजून शिडीवर चढतो?

वर्कशॉपमध्ये काम भरपूर आहे. लाकूड तासायला आता फारसं मिळत नाही, सगळं ॲल्युमिनियम. पट्ट्या कापायच्या, कोपरे जुळवायचे, काच बसवून रबर दाबायचं. लोक भिंतभर काचा लावून घेतात आणि दुसऱ्या दिवशी त्यावर पडदे सोडतात. मालक म्हणतात, "सोडू दे की. पडदेवाल्यालाही पोट आहे."

मालकांची मुलगी कॉलेजात इंग्रजी शिकवते. दुपारी वडिलांचा डबा घेऊन येते आणि घटकाभर आमच्यात बसते. परवा मी फ्रेमवर खडूने 'विंडो' लिहीत होतो, तर म्हणाली, "काका, या शब्दाचा मूळ अर्थ माहीत आहे? वाऱ्याचा डोळा." फार पूर्वी उत्तरेकडच्या थंड मुलखातले लोक घराला भोक ठेवायचे, धूर बाहेर जावा आणि वारा आत यावा म्हणून. काच कुठली तेव्हा! त्या भोकाला ते वाऱ्याचा डोळा म्हणायचे. इंग्रजांनी त्यांच्याकडून शब्द घेतला आणि तो झिजत झिजत विंडो झाला.

मला शाळेतले गुरुजी आठवले. गवाक्ष म्हणजे गाईचा डोळा, असं त्यांनी फळ्यावर गाय काढून शिकवलं होतं. गाय कमी, म्हैसच जास्त दिसत होती, म्हणून लक्षात राहिलं. तिला सांगितलं तर तिलाही मौज वाटली. इतक्या लांबलांबच्या माणसांना भिंतीतल्या भोकात डोळाच दिसावा!

ती गेली, पण पुढची फ्रेम काही माझ्या हातून जुळेना.

वहिनी, गेल्या आठवड्यात तुम्ही फोनवर विचारलंत, "भाऊजी, सोळा तारखेला, सोमवारी गवंडी येतोय गिलाव्याला. मधली खिडकी बुजवून टाकू का? तुमच्या बाजूने दोन वर्षं बंदच आहे. भिंतीने ओल धरलीय." मी "बघू" म्हणालो आणि फोन ठेवला. फोनवर मला बोलता येत नाही, तुम्हाला ठाऊक आहे.

वाटणीची ती भिंत घातली तेव्हाचा गवंडी आठवतो? "भिंत घाला म्हणता आणि भोकही ठेवा म्हणता! वाटणी करताय की लपंडाव खेळताय?" दादा म्हणाला, "भांडण झालं तर पलीकडे ऐकू नको जायला?" मग सुताराने विचारलं, कडी कुणाच्या बाजूला. दादाने माझ्याकडे बोट केलं. "लहान्याच्या. आपण लावायचीच नाही, तर आपल्याला हवी कशाला?"

पुढे तुमची धाकटी जाऊ आजारी पडली आणि तिची खाट त्या खिडकीखाली आली. अंथरुणातून हात पुरावा म्हणून मी कडीला चिंधीची दोरी बांधून दिली होती. सकाळी मी कामावर निघायचो आणि तुम्ही खिडकीतून दोन्ही हात आत घालून तिची वेणी घालत असायचात. चुलीवरचं दूधही सांभाळायचं, तिचे केसही. "जाऊबाई, डोकं आहे माझं, दोरखंड नव्हे!" ती ओरडायची. तुम्ही म्हणायचात, "तोंड चालतंय ना? मग बरी आहेस." मी हसत सायकलवर बसायचो. घरात एवढा आजार असताना माणूस हसत कामाला जातो, हे कुणाच्या जिवावर, ते मी कधी तुम्हाला बोललो नाही. आपल्या माणसाचे आभार मानायची रीत नाही आपल्यात. पण त्या भोकातून दिवसभर तुमचा डोळा तिच्यावर होता, म्हणून माझे हात चालले.

ती गेल्यावर महिनाभराने एका सकाळी तुम्ही सवयीने खिडकीशी येऊन हाक मारलीत. "धाकटे, उठलीस का गं?" मी आत चहाचा कप धरून उभा होतो. ओ द्यायला घरात कुणी नव्हतं. संध्याकाळी मी कडी लावली, घराला कुलूप घातलं आणि इकडे निघून आलो. तुम्हाला वाटलं असेल, भाऊजींना राग आला. राग नव्हता, वहिनी. ती हाक पुन्हा ऐकायची ताकद नव्हती.

खिडकी बुजवू नका.

सोबत घराची किल्ली पाठवतो आहे. कडी आमच्या बाजूला, तेव्हा आत तुम्हालाच जावं लागेल. गंजली असेल, खालून हळूच ठोका, निघेल. दोरी असली तर असू द्या. गवंडी यायच्या आधी, शनिवारी सकाळच्या गाडीने मी येतो. जुन्या झडपा सडल्या असतील म्हणून सागवानाच्या नव्या केल्या आहेत, रंधा मारताना फार दिवसांनी हाताला बरं वाटलं. त्यांना कडी बसवलेली नाही.

किल्ली तुमच्याकडे, म्हणजे दारही मला तुम्हीच उघडायचं. दादाला म्हणावं, मी येईपर्यंत शिडीला हात लावू नकोस.

आणि रविवारी सकाळी खिडकीतून हाक मारा. या वेळी मी ओ देईन.

तुमचा,
लहाना