यज्ञेशच्या टॅबमध्ये माझा आवाज

११ जानेवारी
यज्ञेशला टॅब आणला. स्पीच थेरपिस्ट इरावती मॅडम म्हणाल्या, ऑटिझम आहे, पण त्याला कळतं सगळं. बोलायला जीभ आणि ओठ ऐकत नाहीत, एवढंच. चित्र दाबलं की टॅब त्याच्या वतीने बोलेल. ॲपमधला आवाज बँकेच्या फोनवरच्या बाईचा. हट्! रेकॉर्डिंग मीच करणार. मुलुंडात आमच्या सोसायटीच्या कार्यक्रमांचं सूत्रसंचालन इतकी वर्षं कोण करतंय?

१२ जानेवारी
मॅडमचा आग्रह: आधी 'नको', 'पुरे', 'दुखतंय' भरा. आठ वर्षांच्या मुलाचा पहिला शब्द 'नको'? आपल्याकडे असले संस्कार नाहीत. मी 'छान', 'मजा आली', 'थँक्यू काका' आणि 'बाबा ग्रेट' भरले. अनुपमाने विचारलं, हे त्याला हवंय की तुला. बायकोला व्हिजन नाही.

१८ जानेवारी
प्रचंड प्रोग्रेस. दोडक्याची भाजी: 'छान'. ताट ढकललं, ते वेगळं. केस कापताना लाथा झाडत 'मजा आली'. मॅडमना व्हिडिओ पाठवला. त्यांनी विचारलं, तो रडतोय का. आनंदाश्रू यांच्या कोर्सला नसावेत.

२४ जानेवारी
सव्वीसला सोसायटीची सत्यनारायणाची पूजा. यज्ञेश स्टेजवर बोलणार. आज रिहर्सल. सारखा उजवा कान चोळतो, म्हणजे लक्ष देऊन ऐकतोय. मग डोकं भिंतीवर आपटलं. स्टेजची भीती. पहिल्यांदा मलाही होती.

२६ जानेवारी
हिट! सेक्रेटरी शरच्चंद्र काकांनी माइकवर विचारलं, कसा आहेस बाळा? यज्ञेश किंचाळत होता, पण बोट बरोब्बर 'छान'वर. मग 'मजा आली'. मग 'बाबा ग्रेट', पुन्हा पुन्हा. टाळ्या पडल्या, जरा उशिराने. अनुपमा त्याला उचलून घरी घेऊन गेली. प्रसादालाही थांबली नाही.

२७ जानेवारी
कानाच्या डॉक्टरांकडे. कानात पू, पडदा फाटलाय. डॉक्टर म्हणाले, बरेच दिवस ठणकत असणार, काहीच कसं सांगितलं नाही त्याने? कान साफ करायला घेतला तसा यज्ञेश रडत रडत टॅब दाबायला लागला. माझ्याच आवाजात, स्वच्छ उच्चारात: बाबा ग्रेट. डॉक्टरांनी विचारलं, आवाज तुमचा का. मी नाही म्हणालो.

२९ जानेवारी
अनुपमाने माझे सगळे शब्द पुसले. स्वतः रेकॉर्ड करायला बसली. सर्दीचा आवाज, त्यात मध्येच रडते. मी म्हटलं, निदान 'दुखतंय' तरी मला म्हणू दे, दमदार होईल. ती काही बोलायच्या आत यज्ञेशने टॅब उचलून तिच्या मांडीवर ठेवला आणि माझ्याकडे पाठ करून बसला.

मला लागलं. कुणी विचारलंही नाही.