म्हशीचे वरचे दात

मंगळवार, संध्याकाळ

स्वतःचाच राग येतोय. पाचवीच्या फळ्यावर आज गमतीची माहिती लिहिली: म्हशीला बत्तीस दात असतात, आपल्याएवढेच. शेजारी खडूनं हसरी म्हैस काढली, वर-खाली दातांच्या रांगा. घरी म्हशी असलेली सानिका उठली. "सर, म्हशीला वरचं म्होरचं दात नसत्यात." मी म्हणालो, "मग गवत काय हिरडीनं तोडते?" वर्ग हसला. तिनं तास संपेपर्यंत मान वर केली नाही.

आत्ता दूध कट्ट्यावर, जिथं गवळी म्हशी आणून समोरच धार काढून देतात, धारोष्ण दूध प्यायला गेलो, रोजच्यासारखा. राहवेना, गवळ्याला विचारलं. त्यानं म्हशीचा वरचा ओठ उचलला. पुढं नुसती टणक हिरडी. "बत्तीस हाईत की, पण वर फकस्त दाढा. जिभेनं गवत वडायचं, हिरडीवर दाबून तोडायचं. इतकी वर्षं हितं दूध पिताय सर, बघितलं न्हाई व्हय?"

नाही बघितलं. ग्लासातच बघत होतो. म्हणजे टिंगल म्हणून बोललो, तेच बरोबर उत्तर होतं.

ते वरचे पुढचे दात अजून फळ्यावर आहेत. उद्या सानिकालाच पुसायला सांगणार होतो. पण नको. वर्गाला हसवलं मी, पुसायचेही मीच. सगळ्यांसमोर.