कोजागरीच्या आधी अकोल्याला

चिरंजीव हरिहर यास आशीर्वाद.

जानराव गाडीवान अकोल्याहून आला. कापसाच्या सौद्याला गेलेल्या तुझ्या गोपाळदादाला पटकी झाली आहे. "माय, थोरले मालक तुमाले बोलावून राहिले, चाला लवकर," असं तो म्हणाला. मी त्याच्याच गाडीने निघते आहे. रमावहिनीला इतक्यात कळू देऊ नकोस, तिला सातवा लागला आहे. मी देवदर्शनाला गेले म्हण आणि ही चिठ्ठी चुलीत घाल.

परवा कोजागरी. भुलाबाईच्या मूर्तीवरच्या मांडवाला कणसासकट ज्वारीची पाच ताटं लागतात. मी या घरात आले तेव्हा दारातूनच ज्वारी डोलताना दिसायची. यंदा तुम्ही भावांनी सगळी जमीन कापसाखाली घातली. शेजारच्या खुशालरावांच्या शेतातून ताटं मागून आण. दूध रमालाच आटवू दे, तिचा जीव कामात राहील.

चांदण्यात घरातल्या थोरल्या लेकराला ओवाळतात. गोपाळला मी पस्तीस वर्षं ओवाळलं, एकदाही चुकले नाही. दादा नाही म्हणून शेजारणी त्याच्या पाटावर तुला बस म्हणतील.

मी येऊन सांगेपर्यंत बसू नकोस.

आई