पाळणा की सर्कस

मलकापूर, रविवार, ५ जानेवारी १९६४

थकलो. जलंबला गाडी बदलून खामगावला जायचं आणि तसंच परत यायचं, ही माझ्या वयाची कामं नव्हेत. पण शकू सासरहून चार दिवस आलेली, आणि लहानपणापासून तिचा जीव उंच पाळण्यात. मैदानावर पाळण्याचा मीनाबाजार आणि सर्कस शेजारी शेजारी, मधे फक्त कनात. वेळ एकापुरताच.

मी पाळण्याकडे वळलो, तर शकू म्हणाली, "बाबा, सर्कसच पाहू."

"उतरवताना रडायचीस की तू! सासरी जाऊन भित्री झालीस?" वर मी 'भीरु' शब्द चालवूनही दाखवला. भीरुः, भीरू, भीरवः. ती हसली नाही.

सौ.ने मला बाजूला ओढलं. "काऊन छळता तिले? दिवस गेले हायेत. मागच्या खेपेले काय झालं, विसरले का? तीन महिने होईस्तोवर कोणाले सांगू नका. तुमच्या पेपरात तं मुळीच नाही."

गावोगावच्या बातम्या मी पाठवतो, आणि घरातली मला शेवटी. कसं कळलं नाही?

मग सर्कस. वाघाने काय केलं, देव जाणे. बसायची फळी हलली की मी ती हाताने दाबून धरी. कनातीपलीकडे पाळणा वर येई, पोरी ओरडत, आणि शकू तिकडे पाही.

परतीच्या गाडीत ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. मलकापूर येईपर्यंत मी हललो नाही. सौ. आता विचारते, खांद्याले तेल लावू का. नको म्हटलं, राहू दे.