बाटलीवरच्या मिलिमीटरच्या खुणा

तीर्थरूप मामांना धाकट्या भाच्याचा वाकून नमस्कार. मामींनाही नमस्कार, कारण तुमचा चष्मा फुटल्यापासून तुमची पत्रं त्याच वाचून दाखवतात हे मला ठाऊक आहे. तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? इकडे सगळं क्षेम, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. क्षेम काही नाही. मी संतापलेलो आहे, आणि हे फोनवर सांगता येत नाही, कारण फोनवर तुम्ही "बरं बरं, जप जिवाला" म्हणता आणि ठेवून देता.

तुम्हाला माझं काम माहीत आहे. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासायच्या आणि फ्रेममध्ये बसवायच्या. गेल्या महिन्यात माझा हात थरथरला आणि एका मास्तरीणबाईंच्या काचेचा मध्य दोन मिलिमीटर सरकला. दोन मिलिमीटर म्हणजे आमच्या धंद्यात दोन मैल. बाईंना जिथे पायरी दिसली तिथे पायरी नव्हती (पडल्या नाहीत, कठडा होता). मालकांनी आधी ती काच उजेडात धरली, मग माझा हात उजेडात धरला आणि म्हणाले, पिणं सोड, आणि सोडलंस असं एखाद्या जाणकाराकडून लिहून आण. पुढच्या महिनाअखेरपर्यंत कागद नाही आला तर मागच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, पुढे काउंटर पुसत बसायचं. मामा, मी त्याच दिवशी सोडली. आज तेविसावा दिवस. सोडणं अवघड होतं, पण सोडल्यावर सांभाळणारा माणूस शोधणं त्याच्या शंभरपट अवघड आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आधी मी व्यसनमुक्ती केंद्रात गेलो. दारावर रजिस्टर घेऊन बसलेल्या गृहस्थांनी शेवटची कधी घेतली ते विचारलं. मी म्हणालो, अकरा दिवसांपूर्वी. त्यांनी पेनाला टोपण लावलं. म्हणे मग तुम्ही आमच्यात बसत नाही, इथे पिणाऱ्यांनाच भरती करतात. मी (चिडून, पण आवाज न चढवता) विचारलं, मग काय पिऊन येऊ? मामा, त्या माणसाने खरोखर विचार केला आणि म्हणाला, "या, पण सोमवारी नका येऊ. सोमवारी फार गर्दी असते."

मग मोठं हॉस्पिटल. दुसऱ्या मजल्यावर दारूचे समुपदेशक. त्यांच्या फॉर्मवर रोजचं प्रमाण विचारलं होतं आणि पुढे दोनच चौकटी होत्या, ग्लास आणि बाटली. आता ग्लास कुठला, बाटली कुठली, भरलेली की अर्धी, काही नाही! ज्याने हा फॉर्म छापला त्याला एक दिवस माझ्या टेबलावर बसवला पाहिजे. मी माझी वही पुढे केली. दोन वर्षं मी दुकानातल्या अर्ध्या मिलिमीटरच्या पट्टीने बाटलीवर खुणा करत आलो आहे आणि किती उतरली ते तारखेसह लिहीत आलो आहे. (मोजलं की ताब्यात राहतं, अशी माझी समजूत होती. काचेच्या बाबतीत ती खरी आहे.) समुपदेशकांनी विचारलं, मिलिमीटर? मी म्हणालो, बाटलीच्या उंचीचे. शेवटच्या पानावर प्रत्येक बाटलीचा आकार काढून दाखवला आहे, गळ्याशी निमुळती होते तिथला हिशेब वेगळा. त्यांनी वही मिटली. म्हणाले, पंधरा वर्षांत माझ्याकडे एकही दारुडा आकृत्या काढून आला नाही. तुमचा आजार दारूचा नाही, चिंतेचा आहे, वर जा. वर तिसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पिणाऱ्याच्या चिंतेला मी हात लावत नाही, आधी दारूचं बघा, खाली जा. मी खाली गेलो. मला वर पाठवलं. मी वर गेलो. शिकलेली माणसं, मामा! एकाच इमारतीत, एकाच नळाचं पाणी पिणारी, आणि एकमेकांना फोन करायला बोटं झिजतात यांची! माझी शाळा आठवीत सुटली, पण माझ्याकडे आलेलं गिऱ्हाईक उजव्या काचेसाठी एकाकडे आणि डाव्या काचेसाठी दुसऱ्याकडे मी कधी पाठवलेलं नाही.

पाचव्या खेपेला लिफ्टवाल्याने मजला विचारलाच नाही. म्हणाला, "माझ्याशीच बोला की. सहा वर्षं झाली सोडून." आणि मी काय केलं असेल? प्रमाणपत्र आहे का म्हणून विचारलं! तो हसला आणि त्याने मला एका समुपदेशक बाईंचा पत्ता दिला.

या बाई सायकल दुरुस्तीच्या दुकानाच्या माडीवर बसतात. अरुंद जिना, वर एक खोली, दोन खुर्च्या, त्यातली एक डुगडुगते. भिंतीवर पाटी नाही, सुविचार नाही. मला ते बरं वाटलं, पण बाईंच्या चष्म्याची दांडी दोऱ्याने बांधलेली होती. मामा, समोर असा चष्मा असताना मी स्वतःबद्दल काय बोलणार? पंधरा मिनिटं मी फक्त स्क्रूबद्दल बोललो. शेवटी त्यांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला. छोटा स्क्रूड्रायव्हर माझ्या खिशात असतोच. स्क्रू दोनदा पडला. दोन्ही वेळा मी गुडघ्यांवर शोधला, त्याही शोधायला खाली बसल्या (चष्म्याशिवाय, म्हणजे निरुपयोगी). त्या "राहू द्या" म्हणाल्या नाहीत. तिसऱ्यांदा बसला.

चष्मा चढवून त्यांनी माझी वही पाहिली आणि विचारलं, "कुणाबरोबर पिता?" आजवर सगळ्यांनी किती ते विचारलं होतं. मी म्हणालो, एकटाच. त्यांनी पानं उलटली. दर रविवारी आकडा दुप्पट कसा, म्हणाल्या. माझ्या वहीत माझ्याचविरुद्ध पुरावा, तोही अर्ध्या मिलिमीटरपर्यंत अचूक! मग म्हणाल्या, कागद देईन, पण चार बैठका झाल्यावर, आणि त्यातल्या एका बैठकीला रविवारच्या माणसाला घेऊन या. मी वही उचलली आणि जिना उतरलो. ही काय पद्धत झाली? मी स्वतःला दुरुस्त करायला गेलो होतो, घराण्याला नाही.

तेव्हा मामा, तुमच्या चार ओळखी आहेत, एखादा साधा, शहाणा, फार प्रश्न न विचारणारा थेरपिस्ट माहीत असल्यास कळवावे. तुम्ही मागे म्हणाला होतात की मर्द माणसाला हे थेर लागतात कशाला. त्याचा राग मी मनात ठेवलेला नाही (ठेवला आहे). मामींना सांभाळा.

तुमचा भाचा

ता. क. थेरपिस्ट शोधू नका. येत्या गुरुवारी दुपारी चारची वेळ घेतली आहे. दोघांची. डुगडुगत्या खुर्चीच्या पायाखाली मी पुठ्ठा घातला आहे, तुमच्या गुडघ्याला त्रास होणार नाही.

ता. क. दुसरा. तीन रविवार तुम्ही माझ्या दाराला कुलूप बघून परत गेलात. मी आतच होतो. पुढे कुलूप लावून मागच्या दाराने आत आलो होतो. तुम्ही पायऱ्यांवर किती वेळ बसलात ते मी ऐकत होतो.

ता. क. तिसरा. सोबतच्या डबीत तुमचा चष्मा आहे. काचा एकोणिसाव्या, विसाव्या आणि बाविसाव्या दिवशी केल्या. पहिल्या दोन खेपांच्या फेकल्या. तिसरी जोडी मालकांनी स्वतः तपासली. मध्य जिथल्या तिथे आहे.

ता. क. शेवटचा, मामींसाठी. मामी, जुना चष्मा बसच्या गर्दीत फुटला नाही. माझ्या खोलीत मामा त्यावर पडले, आणि मी उचलायला गेलो तो मीही पडलो. रविवारी आम्ही पत्ते खेळत नव्हतो. हे वाचून तुम्ही मोठ्याने वाचणं थांबवलं असेल, तर नवा चष्मा मामांच्या नाकावर चढवा आणि पुढची ओळ त्यांची त्यांना वाचू द्या.

मामा, मला तो जिना एकट्याने चढवत नाही.